थ्री फेज नको म्हणणाऱ्या वायरमनकाकांना

वायरमनकाका, स. न. वि. वि.

पत्र तुमच्या हातात न देता असं उघड लिहितोय, त्याला कारण आहे. समोर आभार मानले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून स्कूटीला किक मारता आणि जाता. शिवाय आमच्या घराच्या विजेवरून आम्हाला खड्ड्यात घालायला निघालेले जे लोक होते, त्यांच्याही कानावर हे गेलं तर मला अजिबात वाईट वाटणार नाही.

आधी त्यांचंच सांगतो. आईचा दमा आणि चिपळूणचा मे महिना, म्हणून तिच्या खोलीत दीड टनाचा एसी बसवला. तो लावला की रात्री-बेरात्री फ्यूज जायचा. पहिले कॉन्ट्रॅक्टर आले, पडवीतूनच मीटरकडे पाहिलं आणि म्हणाले, "थ्री फेज घ्यावं लागेल, सगळं वायरिंग बदलावं लागेल." (थ्री फेज म्हणजे घरात एका तारेऐवजी तीन तारांतून येणारी वीज.) व्हॉट्सॲपवर एका ओळीचं कोटेशन आलं, 1,60,000. यात काय काय आलं असं विचारलं तर उत्तर, "साहेब, त्यात सगळं आलं." दुसरे आले त्यांनी पाचशे रुपये घेतले आणि चिनीमातीच्या फ्यूजमध्ये जाड तार घालून दिली. एसी रात्रभर चालला, आम्ही खूश! फ्यूज वितळत नाही म्हणजे आता भिंतीतली वायर तापतेय, हे कळायला तुम्हीच यावं लागलं. घराला मंजूर असलेला विजेचा भार वाढवून घ्यायला वीज कंपनीच्या ऑफिसात गेलो, तर ह्या टेबलावरून त्या टेबलावर. एक साहेब म्हणाले ऑनलाइन करा. ऑनलाइन केलं तर दुसरे म्हणाले कागद इथे आणून द्या. जाऊ दे, त्या गोष्टीला अंत नाही.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. सगळे माझ्याशी बोलत होते. मी पुण्याहून आलेला, चार दिवसांत परत जाणारा. त्या घरात राहते आई, बिल भरते आई, आणि तिला कोणी एक प्रश्न विचारला नव्हता. ती चहा घेऊन यायची, कप उचलून आत जायची.

तुम्ही आलात आणि मीटरकडे न जाता सरळ मागच्या पडवीत गेलात. वॉशिंग मशीनपाशी निळ्या पट्ट्यांची रबरी स्लीपर होती. तुम्ही वाकून ती उचललीत, तळवा उलटा करून पाहिलात आणि आईला विचारलंत, "काकू, ही तुमची? घरात चप्पल घालता?"

आमच्या घरात चप्पल उंबऱ्याच्या आत येत नाही. देवघर मधल्या खोलीत आहे, आई त्या बाबतीत फार कडक. ती जरा ओशाळली आणि म्हणाली, "मशीन लावतानाच घालते हो. नाहीतर हाताला मुंग्या येतात."

काका, तुम्ही त्यावर हसला नाहीत, माझ्याकडे रोखून पाहिलंही नाहीत. स्लीपर होती तशी जागेवर ठेवलीत, खिशातून टेस्टर काढून मशीनच्या पत्र्याला लावलात, आणि तो मिणमिणला. मग तुम्ही आईला म्हणालात, "काकू, तुम्ही बरोबर करत होतात. फार बरोबर. पण आता ही घालायची वेळ येऊ द्यायची नाही."

"तुम्ही बरोबर करत होतात." आई हे वाक्य अजून शेजारणींना सांगते. आधीचे दोघे ती स्लीपर ओलांडूनच आत-बाहेर करत होते.

मग तुम्ही अर्थिंगची, म्हणजे गळणारी वीज जमिनीत नेऊन सोडणारी, हिरवी वायर शोधत गेलात. ती भिंतीवरून खाली उतरून जुन्या लोखंडी नळाला बांधलेली होती, पूर्वी बांधायचे तशी. आणि तो नळ? 22 जुलै 2021 च्या पुरानंतर आमच्या आळीतल्या पाइपलाइनी बदलल्या, लोखंडाच्या जागी प्लॅस्टिक आलं. भिंतीबाहेर लोखंडाचा वीतभर तुकडा तेवढा राहिला आणि खाली सगळं पीव्हीसी. म्हणजे पुरापासून आमच्या घराला अर्थिंगच नव्हतं. थ्री फेज घेऊन त्यात काय फरक पडणार होता, हे कॉन्ट्रॅक्टरसाहेबांनाच ठाऊक.

फ्यूज का जायचा तेही तुम्हीच दाखवलंत. मेन बंद करून बोर्डामागचा जोड सोडवलात आणि माझ्या तळहातावर ठेवलात. जुनी ॲल्युमिनियमची वायर, तिला नंतर कोणीतरी तांब्याची पिळून जोडलेली, वर चिकटपट्टी. पट्टी वितळून काळी गुळगुळीत झालेली, आत जोडावर पांढरट भुकटी. पुरात बोर्डात पाणी शिरलं होतं. वाळवून, पुसून तेच बोर्ड परत लावले होते, गावात अनेकांनी लावले तसे. असा जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो, सैल झाला की आणखी तापतो, आणि त्या उष्णतेने फ्यूजची तारही वितळते. हे तुम्ही सांगितलंत तेव्हा आई माझ्या शेजारी उभी राहून ऐकत होती.

हिशेब तर मी विसरणारच नाही. तुम्ही ओट्यावरची एक लग्नपत्रिका मागून घेतलीत, तिची मागची कोरी बाजू वर केलीत आणि पाटावर बसलात. आई खुर्चीवर.

"काकू, सकाळी उठल्यावर पहिलं काय लावता?"

"पाणी आलं की मोटर."

"तेव्हा गिझर चालू असतो?"

"असतो की."

"आणि एसी?"

"तो रात्री. तोही ह्याने सांगितलंय म्हणून."

तुम्ही लिहीत गेलात. गिझर दोन हजार वॅट, मोटर साडेसातशे, एसी सतराशे, इस्त्री हजार, फ्रिज, मिक्सर, मशीन, पंखे-दिवे. सगळं एकदम लावलं तरी साडेसहा किलोवॅटच्या आसपास, म्हणजे 230 व्होल्टला 28 अँपिअर. आणि आईच्या दिनक्रमात सगळं एकदम लागतच नाही, चार किलोवॅटच्या वर ती कधी जात नाही. तुम्ही म्हणालात, "सिंगल फेजला पुष्कळ झालं. भार तेवढा वाढवून घ्या." कारण बिलावर मंजूर भार अजून अर्धा किलोवॅट छापून येत होता, माझ्या लहानपणी घरात दोन पंखे आणि चार बल्ब होते तेव्हाचा.

मग तुम्ही तिचं बिल मागवलंत आणि 'स्थिर आकार' या ओळीवर बोट ठेवलंत. वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात घरगुती थ्री फेजचा हा आकार सिंगल फेजच्या तिपटीहून जास्त आहे. एक युनिट जळो न जळो, दर महिन्याला भरायचा. "काकूंच्या पेन्शनीतून कशाला?" असं तुम्ही म्हणालात. एक लाख साठ हजारांच्या कोटेशनवर मी घासाघीस करत होतो, पण ते झाल्यावर दर महिन्याला किती जाणार याचा विषय कोणी काढला नव्हता.

पत्रिकेवर दोन रकाने पाडलेत, 'करायलाच हवं' आणि 'थांबलं तरी चालेल'. पहिल्यात मीटरपासून बोर्डापर्यंत सहा स्क्वेअर एमएमची तांब्याची मेन, एसी आणि गिझरला स्वतंत्र वायर, नवा डीबी (स्विचांची मुख्य पेटी) आणि एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच), 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), नवं अर्थिंग, तुमची मजुरी. दुसऱ्यात बाकी खोल्यांचं वायरिंग, तेही मेगर, म्हणजे वायरचं आवरण शाबूत आहे का ते मोजायचं यंत्र, लावून तपासून, "अजून बरं आहे, दोन-तीन वर्षांनी बघू" असं लिहून. पहिल्या रकान्याची बेरीज 31,400. कंपनीची सुरक्षा ठेव आणि शुल्क वेगळं, पावती घेऊन. आणि सगळ्यात खाली एक ओळ: चहापाणी, 0. "हे कोणी मागितलं तर मला फोन लावा," असं म्हणून तुम्ही पेन खिशाला लावलंत. त्या ऑफिसातून आल्यापासून मी खिशात वेगळं पाकीट घेऊन हिंडत होतो हो काका.

काम सुरू झाल्यावरचं फार लिहीत नाही. डीबी कुठे बसवायचा ते तुम्ही मला नाही, आईला विचारलंत, "पाणी कुठवर आलं होतं?" तिने भिंतीवर हात ठेवून दाखवलं, छातीच्या वर. तुम्ही त्याच्या वर हातभर खूण केलीत आणि तिला स्टुलाशिवाय हात पोचतो का ते बघितलंत. जांभ्यात अर्थिंग उन्हाळ्यात कोरडं पडतं म्हणून परसात केळीच्या बुडाशी खड्डा घेतलात, कारण न्हाणीचं पाणी तिथे बारा महिने मुरतं. आणि उरलेली वायर, आठ-नऊ मीटर असेल, दुकानात परत करून पैसे आणून आईच्या हातात दिलेत. माझ्या नाही.

गॅरेज म्हणा, दवाखाना म्हणा, वायरमन म्हणा, आपल्याला कळत नाही अशा ठिकाणी आपण समोरच्याच्या तोंडाकडे बघत असतो. "घर जळेल" असं म्हटलं की माणूस वाटेल तेवढे पैसे काढून देतो, आम्हीही दिले असते. तुम्हाला तर खरंच जळकी वायर सापडली होती, हातात पुरावा होता, आणि तरी तुम्ही एक रुपया वर लावला नाहीत. अशी माणसं गावोगाव असतील, आहेतच. फक्त ती कोटेशनं व्हॉट्सॲपवर पाठवत नाहीत म्हणून आपल्याला आधी सापडत नाहीत.

टेस्ट रिपोर्ट ऑफिसात दिला, भार वाढून आला. नव्या बिलावर मंजूर भार सात किलोवॅट आहे आणि फेजच्या जागी सिंगल. आई दर महिन्याच्या एक तारखेला आरसीसीबीचं 'टी' म्हणजे टेस्टचं बटन दाबते, तुम्ही शिकवलंत तसं, आणि घरभर अंधार झाला की मला फोन करून सांगते की आरसीसीबी नीट चालतोय.

आणखी एक. वरच्या आळीत माझ्या मावशीकडे परवा थ्री फेजचं कोटेशन आलंय, एका ओळीचंच. तुमचा नंबर तिला दिलाय. फोन आला तर उचला, आणि तिला जरा मोठ्याने बोलावं लागतं.

तुमच्या काकूंचा मुलगा