टायमिंग बेल्ट बदलल्यावर इंजिन आधी हाताने फिरवावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिझेल व्हॅनचा टायमिंग बेल्ट बदलला, सेल्फ मारला आणि इंजिन सुरू झाले, म्हणजे टायमिंग बरोबर बसले, असे गाडीमालक तर समजतातच, पण काही गॅरेजांमध्येही काम तेवढ्यावरच पुरे मानले जाते. इंजिन सुरू होणे ही टायमिंगची चाचणी नव्हे. ती चाचणी सेल्फ मारण्याच्या आधी, पाना लावून, सावकाश करायची असते, आणि ती केल्याची नोंद बिलावर असावी, एवढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचे) दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) एक होतो, आणि हा मेळ, म्हणजेच टायमिंग, राखण्याची सारी जबाबदारी बेल्टच्या दातांवर असते. क्रँकवरच्या दातेरी पुलीला २० दात आहेत असे धरले, तर बेल्ट एक दात चुकीचा बसताच क्रँकच्या हिशेबाने १८ अंशांचा फरक पडतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापवलेल्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. एवढा दाब मिळवण्यासाठी पिस्टन वरच्या टोकाला हेडच्या इतका जवळ जातो की मध्ये जेमतेम मिलीमीटरभर फट उरते, आणि तेथे उघड्या व्हॉल्व्हला जागा नसते. एका दाताची चूक पुष्कळदा धूर आणि कमी पिकअपवर निभावते. चूक त्याहून मोठी असेल तर व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावे लागते.

म्हणून बेल्ट चढवून टेन्शनर (बेल्टला ताण देणारी पुली) लावला की आधी पुली जागेवर धरून ठेवणाऱ्या सर्व लॉकिंग पिना काढाव्यात. त्यानंतर क्रँकच्या बोल्टवर पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवावे आणि क्रँक, कॅम व डिझेल पंप या तिन्हींच्या खुणा पुन्हा जुळतात का, हे पाहावे. एका फेऱ्यात भागत नाही, कारण तेव्हा कॅम निम्म्यावरच पोहोचलेला असतो. इंजिन उलट फिरवू नये. बेल्टची ताणलेली बाजू सैल पडून दात सरकण्याची भीती असते. कॅमच्या बोल्टवर जोर लावून तर ते मुळीच फिरवू नये. ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे प्लग) काढून ठेवले की सिलिंडरमधला दाब आड येत नाही, आणि मग पाना कुठे अडलाच तर तो कशाने अडला याविषयी शंका उरत नाही. अशा वेळी जोर न लावता थांबावे आणि बेल्ट पुन्हा काढावा. दोन फेऱ्यांनंतर टेन्शनरचा काटाही पाहायचा असतो, तोही इंजिन थंड असताना, कारण पहिल्या फेऱ्यांत बेल्ट दातांमध्ये नीट बसतो आणि ताण बदलतो. काही बेल्टवर छापलेल्या रेषा दोन फेऱ्यांनंतर पुलीवरच्या खुणांसमोर येत नाहीत. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. त्या रेषा फक्त बेल्ट चढवतानाच्या असतात, जुळायला हव्यात त्या पुलीच्या आणि इंजिनच्या अंगावरच्या खुणा.

यापुढची गोष्ट जुन्या पद्धतीच्या, बेल्टवर चालणारा रोटरी डिझेल पंप असलेल्या व्हॅनबद्दल आहे, आणि सर्वाधिक दुर्लक्ष तिच्याकडेच होते. या इंजिनांत डिझेल केव्हा फवारले जावे हे पंप ठरवतो. पंपाच्या पुलीवरची खूण जुळली तरी इंजेक्शनचे टायमिंग बरोबर असेलच असे नाही, कारण पंप लांबट भोकांमधल्या बोल्टांवर थोडा फिरवता येतो, आणि जुना ताणलेला बेल्ट जाऊन नवा आल्यानेही थोडा फरक पडतो. खरी तपासणी पंपाच्या मागच्या बाजूचा प्लग काढून तेथे डायल गेज (सूक्ष्म अंतर मोजणारे काट्याचे मापक) लावून होते: पहिला सिलिंडर वरच्या टोकावर आणून पंपातला प्लंजर (डिझेल दाबणारा दट्ट्या) किती उचलला गेला, हे मिलीमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात आणि कंपनीने दिलेल्या आकड्याशी ताडून पंप फिरवून घट्ट करतात. टायमिंग मागे पडले असेल तर थंड इंजिन सुरू व्हायला वेळ घेते आणि पांढरा धूर टाकते. पुढे गेले असेल तर ते कर्कश ठोकू लागते. केवळ आवाजावरून पंप लावणारे कसबी मेकॅनिक आहेत, त्यांच्या कानाबद्दल मला आदरच आहे; तरीही शंभरांश मिलीमीटर कानाला ऐकू येत नाही.

कॉमन रेल इंजिनांत (सर्व इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून दाबाखालचे डिझेल मिळते अशा इंजिनांत) फवारणीची वेळ क्रँक आणि कॅमच्या सेन्सरांवरून संगणक ठरवतो, त्यामुळे डायल गेजचा प्रश्न येत नाही. दोन्ही सेन्सरांचा मेळ फार बिघडला तर पी००१६ यांसारखा दोष दाखवणारा कोड संगणकात नोंदला जातो. पण कोड नाही म्हणजे सारे अचूक, असे मानू नये, कारण कोड ठरावीक मर्यादा ओलांडल्यावरच येतो. ज्या गाड्यांत स्कॅनरवर (गाडीच्या संगणकाला जोडून वाचायच्या यंत्रावर) क्रँक आणि कॅममधला फरक अंशांत दिसतो, तेथे तो वाचून लिहून ठेवावा.

जुन्या बेल्टवर आणि पुलींवर पांढऱ्या रंगाचे ठिपके देऊन ते नव्या बेल्टवर उतरवून घेण्याची पद्धत मला पसंत नाही. जुना बेल्टच दात सोडून बसला असेल, तर ही चूक नव्या बेल्टवर जशीच्या तशी जाते. ज्या इंजिनांत कॅमची पुली चावीविना (पुलीला दांड्यावर अडकवणाऱ्या छोट्या तुकड्याविना), केवळ बोल्टच्या घट्टपणावर टिकते, तेथे तर पुली सैल करताच त्या ठिपक्यांना काही अर्थ राहत नाही. तेथे पिना आणि ठरावीक जोराने बोल्ट आवळणारा टॉर्क रेंचच हवा. मात्र बोल्ट आवळताना पिनांचाच आधार घेऊन पुली धरू नये. पिना वाकतात, आणि त्यांच्यासोबत टायमिंगही चुकते.

ही सारी तपासणी कव्हर चढवण्याआधी फार वेळ घेत नाही. गॅरेजांनी बिलावर ‘दोन फेरे फिरवून खुणा पाहिल्या, टेन्शनर पुन्हा तपासला’ ही ओळ आणि जुन्या पंपाच्या गाडीत डायल गेजचा आकडा लिहावा. मालकांनी गाडी सोडतानाच तशी मागणी करावी. कव्हर बसल्यानंतर विचारून काही दिसत नाही. बेल्ट किलोमीटरबरोबरच वर्षांनीही जुना होत असल्याने, बदलल्याची तारीख आणि मीटरचे वाचन लिहिलेली चिठ्ठी बॉनेटखाली चिकटवून घ्यावी.

आपला विश्वासू,
एक वाचक