स्टीमला हरवायला नुसता पैसा पुरत नाही

महोदय,

पीसी गेमच्या बाजारातले 'स्टीम' या ऑनलाइन दुकानाचे वर्चस्व मोडायला बक्कळ पैसा हवा, असे सर्रास म्हटले जाते. एपिक या गेम कंपनीने तो ओतून पाहिला. डिसेंबर २०१८ मध्ये त्यांनी ऑनलाइन दुकान थाटले, तेव्हा प्रत्येक विक्रीमागे स्टीमचे कमिशन साधारण ३० टक्के होते. एपिकने १२ टक्क्यांवर भागवले. शिवाय फुकट गेमचा रतीब लावला. मे २०२० मध्ये 'जीटीए ५' फुकट वाटला, तेव्हा गर्दीने त्यांची साइटच कोलमडली. पण फुकटचे घेऊन झाले की पैसे मोजायला बहुतेक मंडळी पुन्हा स्टीमच्याच दारात!

कमिशन घटल्याचा लाभ गेम बनवणाऱ्याला. गिऱ्हाइकाला किंमत बहुधा तीच. त्यात एपिकवर साधी 'कार्ट' यायला डिसेंबर २०२१ उजाडला. तोवर सेलमध्ये तीन गेम घ्यायचे तर तीनदा पैसे भरा. 'मेट्रो एक्झोडस'सारखा गेम ऐनवेळी स्टीमवरून उचलून आपल्याकडे नेला, त्याचा राग वेगळाच. १४ दिवसांच्या आत, दोन तासांहून कमी खेळलेला गेम दोन्हीकडे सहसा विनातक्रार परत करता येतो, म्हणजे तिथेही एपिकचे वेगळेपण नाही.

खरी अडचण मात्र जुन्या खरेदीची आहे. वर्षानुवर्षे घेतलेले गेम आणि जोडलेले मित्र दुसऱ्या दुकानात हलवता येत नाहीत. ती सोय जो करून देईल, त्याच्याकडे मी उद्याच खाते उघडेन. आणखी फुकट गेम नकोत. आधीचेच खेळून झालेले नाहीत.

– एक वाचक, ठाणे