घरजावई

इचलकरंजी,
कार्तिक शुद्ध द्वादशी, 2025

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

काल कार्तिकी झाली. आज बारस सोडली आणि लिहायला बसलो. ताई फोटो काढून ईमेलनं पाठवील. तिकडं चीनमध्ये व्हॉट्सॲप चालत नाही हे बरंच आहे, नाहीतर रात्री झोप लागली नाही की मी काहीबाही पाठवत बसलो असतो.

हांगचौच्या विमानतळावर बोललो ते चुकलं. ‘हो तिकडंच घरजावई, आम्ही समजू आम्हाला पोरगं नव्हतंच,’ हे मी दाजींच्या देखत बोललो, आणि तू आमचीच ट्रॉली ढकलत होतास. उलटून बोलला असतास तर मला बरं वाटलं असतं. तो शब्द मी मागे घेतो. या पत्रात परत काढणार नाही.

गुडघ्यामुळं आईला तुझ्या साखरपुड्याला येता आलं नाही, म्हणून एकेक गोष्ट तिला तीन-तीनदा सांगतोय. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, त्यांनी हुंडा किती दिला? म्हटलं, तिकडं आपण द्यायचा असतो. ती हसायलाच लागली. मग आकडा ऐकल्यावर हसायची थांबली. 88,000 युआन, म्हणजे आपले अकरा लाखांच्या आसपास. आठ का, तर त्यांच्यात आठाचा उच्चार भरभराटीसारखा. आणि चाराचा मरणासारखा, म्हणून चार कुठंच नको. त्याला ते ‘त्साय-ली’ म्हणतात. सगळं तू साठवलेल्या पैशातून आणि एक रुपया कर्ज नाही, हे तिला सांगताना माझी मान ताठ झाली होती, हे तुला म्हणून सांगतो.

सूनबाई त्या दिवशी सांगत होती, आणि तू मराठीत करून देत होतास, की आमच्याकडं हे फारच कमी. काही भागात म्हणे नोटा मोजत नाहीत, तोलतात. शंभराच्या नोटांचं वजन तीन चिन तीन ल्यांग भरलं पाहिजे, म्हणजे आपलं दीड किलोच्या वर. कुठं दहा हजार एक देतात, दहा हजारांत एक निवडली म्हणून. त्यात घर पाहिजे, गाडी पाहिजे, ते वेगळंच. पोराचा बाप म्हातारपणी शहरात मजुरीला जातो. लग्नाच्या नावाखाली पैसे उकळायला त्यांच्या कायद्यात बंदी आहे, आणि 1 फेब्रुवारी 2024 पासून मोडलेल्या लग्नात हे पैसे परत कसे करायचे याचे नियमही तिथल्या सर्वोच्च कोर्टानं घालून दिलेत. मी म्हटलं, बंदी आमच्याकडंही आहे, 1961 सालापासून. सगळे हसले. दाजी हसले नाहीत.

ताईच्या लग्नात चार माग विकले ते तुला आठवत नसतील, तू तेव्हा सहावीत होतास. शेडमध्ये ती चार मागांची जागा पुढं दोन वर्षं मोकळी होती आणि तू तिथं क्रिकेट खेळायचास. त्या दिवशी तिकडं लाल कापडावर नोटांच्या गड्ड्या ठेवल्या, तुझ्या होणाऱ्या सासऱ्यानं दोन्ही हातांनी त्या उचलल्या, न मोजता बायकोकडं दिल्या, आणि ती आतून दुसरी तेवढीच थप्पी घेऊन आली. दोन्ही मिळून लाल पिशवीत घालून तिनं सूनबाईच्या मांडीवर ठेवली. तुमच्या संसाराला म्हणून. तू म्हणालास, या भागात बरेच जण असंच करतात. मला आधी कळलंच नाही. दाजींना कळलं. ते खाली मान घालून शेंगदाणे सोलत राहिले, आणि सोललेले खाल्लेही नाहीत. चांगला माणूस आहे तो. तेव्हाही चांगलाच होता, बैठकीत मोठी माणसं बोलत होती आणि तो बाहेर मोटारसायकलवर बसून होता.

असो. मी सांगत होतो काय.

मध्यस्थाचं आईला फार नवल वाटलं. तुमचं तुम्हीच ठरवलेलं, तरी मध्यस्थ पाहिजेच म्हणून तुझ्या ओळखीच्या डाइंगवाल्या शेठला मध्ये बसवला, आणि त्याला मान काय, तर डुकराची तंगडी! मी गळ्यातली माळ सदऱ्याच्या आत सारली. जुन्या रीतीत म्हणे सहा पायऱ्या: मागणी, मुलीचं नाव आणि जन्मवेळ विचारणं, पत्रिका जुळवणं, देणंघेणं, तारीख धरणं आणि शेवटी नवरीला आणायला जाणं. वर्ष, महिना, दिवस, वेळ यांची दोन-दोन अक्षरं, अशी आठ अक्षरांची पत्रिका. आपल्या छत्तीस गुणांपेक्षा सुटसुटीत. सूनबाईच्या आजीनं तुझी जन्मवेळ फोनवर विचारली तेव्हा आईनं पहाटे 5 वाजून 10 मिनिटं सांगितली. खरी 4 वाजून 40. चार नको म्हणून तिनं आपल्या मनानं बदलली, हे मला परवा कळलं. तुझी आईपण काही कमी नाही.

ते माठ मात्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. परसातल्या त्या झाडाखाली, ज्याच्या बारीक पिवळ्या फुलांचा वास अख्ख्या गल्लीत भरला होता, तिथं त्यांनी पायानं जमीन ठोकून दाखवली. पोरगी महिन्याची झाली तेव्हा चिकट तांदळाच्या दारूचे चार... नाही, पाच माठ पुरले. ते आता लग्नाच्या दिवशी काढायचे. न्यूअरहोंग म्हणतात त्या दारूला. त्या शाओशिंग भागाची जुनी चाल, पण आता दुकानात तयार बाटली मिळते, त्यामुळं पुरणारे थोडेच. आणि मुलगा झाला तर पुरायचे ते वेगळ्या नावाचे, तो परीक्षेत पहिला येईल तेव्हा उघडायचे. मी माळकरी माणूस, दारूला हात लावणार नाही, हे तू आधीच सांगून ठेवलं होतंस म्हणून माझ्या हातात चहाची वाटी. पण मला एकच वाटत होतं, की सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं हा माणूस रोज त्या जमिनीवरून चालत होता. खाली काय आहे, ते कुठल्या दिवसासाठी आहे, त्याला माहीत होतं. आणि पोरगी एकुलती एक.

इथंच मला ठेच लागली, बाळू. एकुलती एक.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. आपल्याकडं कोजागरी, त्यांच्याकडं शरदातल्या चंद्राची, सगळ्या कुटुंबानं एकत्र जेवायची. आजी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला शाकाहारी असते, म्हणून तिच्यासाठी आणि माझ्यासाठी वेगळ्या कढईत टोफू आणि बांबूचे कोंब केले होते. आम्ही दोघं म्हातारे एका कोपऱ्यात समोरासमोर, एकमेकांचं एक अक्षर कळत नाही आणि ती सारखं माझ्या वाटीत वाढतेय. मग तो विषय निघाला. तू अर्धवट सांगत होतास, मी पुरतं विचारलं. या भागात म्हणे हल्ली ‘दोन टोकांचं लग्न’ करतात. मुलगी सासरी जात नाही, मुलगा माहेरी येत नाही, दोन्ही घरं आपली, आणि एक मूल बापाच्या आडनावाचं, दुसरं आईच्या. मी विचारलं, आणि एकच झालं तर? तू गप्प. वरून तूच कायदा सांगितलास, की तिथल्या लग्नाच्या कायद्यात लिहिलेलंच आहे: दोघांचं ठरलं तर बाई नवऱ्याच्या घरची होऊ शकते किंवा पुरुष बायकोच्या घरचा. म्हणजे घरजावई कायद्यातच!

मी जेवायच्या काड्या भातात उभ्या रोवल्या आणि उठून कालव्यावर गेलो.

त्या उभ्या काड्यांचा अर्थ मला दाजींनी परतताना विमानात सांगितला, त्यांना तू सांगितला होतास. मेलेल्याच्या नावानं भात ठेवतात, त्यात उदबत्त्या लावल्यासारखं दिसतं. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी, सणाच्या ताटावर. आजीनं म्हणे काही न बोलता त्या काढून आडव्या ठेवल्या, आणि माझी वाटी झाकून ठेवली, मी परत येऊन जेवेन म्हणून. महिना झाला, पण रोज जेवायला बसलं की मला ती वाटी दिसते. तिला माझी माफी सांग. नीट शब्द शोधून सांग, तुझं ते धंद्यातलं चिनी नको.

आता दोन गोष्टी बाप म्हणून. सासरच्या गावात धंद्याचे पैसे अडकवू नकोस. उधारीवर माल उचलू नकोस. रोज रात्री ते पाजतील तेवढं पिऊ नकोस. त्यांच्यात मोठ्यांपुढं पेला भिडवताना आपला खाली धरायचा असतो तो धर, पण तोंडाला लावायलाच पाहिजे असं नाही. मराठी बोलत राहा, निदान स्वतःशी. तारीखवार हिशेब ठेव. आणि ज्या घरात राहशील त्याचं भाडं किंवा हप्ता तू स्वतः भर, म्हणजे उद्या कुणी तुला...

बघ, परत तिथंच आलो. बत्तीस वर्षांच्या माणसाला मी पेला कसा धरायचा ते शिकवतोय. राग मानू नकोस.

मला 2020 आठवतं. तू जानेवारीत आठ दिवसांसाठी आलास आणि अडकलास. मार्चअखेर त्यांनी परदेशी माणसाला दार बंद केलं. तुझं तिकडचं, केचियाओचं सॅम्पलचं गोदाम, भाडं, लोकांची येणी, सगळं त्या पोरीनं सांभाळलं, तेव्हा ती तुझ्याकडं नुसती नोकरीला होती. तू इथं मागावर बसायचास, कांड्या भरायचास, आणि सकाळी सकाळी तिचा फोन. मी आईला म्हणायचो, बरं झालं, पोरगं घरी आहे. लोकांचा जीव जात होता आणि मी मनातून सुखात होतो. हे मी कुणाला बोललो नाही. 2023 ला परत गेलास तेव्हा सूत घ्यायला जायचंय म्हणून स्टँडवर आलो नाही. सूत-बीत काही नव्हतं.

लग्नाचं सूनबाईनं सांगितलं ते सगळं आईला पाठ झालंय. दाराशी मैत्रिणी अडवणार, लाल पाकिटं मागणार, जोडे लपवणार (हे आपलंच!), पण तिकडं नवरीचे लपवतात आणि नवऱ्यानं शोधायचे. नवरीचा पाय जमिनीला लागायचा नाही, भावानं पाठीवर घेऊन न्यायची. भाऊ नाही म्हणून चुलतभाऊ. अंथरुणावर सुकी लाल बोरं, शेंगदाणे, लिचीसारखे सुके लोंगान आणि कमळबिया टाकणार, कारण त्यांच्या नावांचे उच्चार जोडले की ‘लवकर मूल होऊ दे’ असं होतं. तिसऱ्या दिवशी माहेरी परतणी. आई म्हणाली, आपल्या पाचपरतावनीला दोन दिवस कमी.

पण मला दोन ठिकाणी अडतं. नवरीला वाजतगाजत न्यायची ती मुलाच्या घरी. ते घर कुठलं? भाड्याचा फ्लॅट? आणि तीन वेळा वाकायचं, पहिल्यांदा आकाश-धरतीला, दुसऱ्यांदा आईबापांना, तिसऱ्यांदा एकमेकांना. दुसऱ्यांदा वाकाल तेव्हा खुर्चीत कोण असणार? मग चहा देऊन तू त्यांना पहिल्यांदा ‘बाबा’ म्हणणार आणि ते त्याबद्दल तुला पाकीट देणार. म्हण बाबा. म्हणायलाच पाहिजे, माणूस त्या हाकेच्या लायकीचा आहे. फक्त आमच्या दोन खुर्च्या मांडून ठेव. आईला काठी घेऊन आणतो.

व्हिसाचं बघितलं. जुलैपासून आपलं सरकार चिनी माणसांना पर्यटन व्हिसा परत देतंय, आणि गेल्याच आठवड्यात कोलकाता-ग्वांगझोऊ थेट विमान सुरू झालं. दोन्ही कात्रणं काढून ठेवलीत.

सर्वांना नमस्कार. आजीला विशेष.

तुझे
बाबा

ता. क. वरची खोली रंगवायला काढलीय. भिंत कुठल्या रंगाची, ते सूनबाईला विचारून कळव. पांढरा त्यांच्यात दुःखाचा म्हणतात, म्हणून रंगाऱ्याला थांबवलाय. कमोड बसवून झालाय. घाई काही नाही, चार दिवस आलात तरी.