ग्रीनलँड ‘वसाहत’ नाही

माननीय संपादक,

ग्रीनलँडच्या बातम्यांत ‘डेन्मार्कची वसाहत’ हा शब्द सर्रास छापला जातो. तो १९५३ सालीच शिळा झाला. त्या वर्षीच्या राज्यघटनेने ग्रीनलँड डॅनिश राज्याचा भाग बनला आणि १७९ जणांच्या संसदेत त्याला दोन जागा मिळाल्या. १९७९ मध्ये होमरूल आले (टिळकांमुळे हा शब्द आपल्याला परका नाही), तर २१ जून २००९ पासून स्वशासन कायदा लागू आहे.

दुसरी गफलत ‘डेन्मार्क ग्रीनलँड विकेल का?’ या प्रश्नात आहे. याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे स्वातंत्र्याचा निर्णय ग्रीनलँडच्या जनतेचा. तो झाला की दोन्ही सरकारांत वाटाघाटी, मग कराराला ग्रीनलँडची राजधानी नूक इथल्या ३१ सदस्यांच्या संसदेची संमती, ग्रीनलँडमध्ये सार्वमत आणि डॅनिश संसदेचीही मंजुरी. यात विक्रीखत कुठे बसते?

खरी मेख पैशाची आहे. कोपनहेगनहून मिळणारे वार्षिक अनुदान २००९ च्या किमतींनुसार ३४३.९६ कोटी क्रोनर ठरले. महागाईप्रमाणे ते वाढते. खनिजांचे पहिले साडेसात कोटी क्रोनर ग्रीनलँडचे. त्यावर जे मिळेल त्याच्या निम्मी रक्कम अनुदानातून वजा. शिवाय २००९ नंतर जे खाते हाती घ्याल, त्याचा खर्च तुमचा. म्हणूनच पोलीस आणि न्यायालये घेण्याचा हक्क असूनही ती अजून डेन्मार्कच चालवतो. संरक्षण, चलन, नागरिकत्व तर मागूनही मिळत नाही. त्यासाठी स्वातंत्र्यच हवे. आणि हा सगळा डोलारा पेलणार कोण, तर जेमतेम ५६-५७ हजार माणसे! २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या ठाणे महापालिकेच्या चार नगरसेवकांच्या एका प्रभागात सरासरी तेवढी वस्ती भरते.

तरीही हे लोक मुकाट मागे चालणारे नाहीत. १९८२ मध्ये सार्वमत घेऊन १९८५ मध्ये ते युरोपीय समुदायातून (आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपातून) बाहेर पडले, मासेमारीच्या हक्कांसाठी. डेन्मार्क मात्र आतच राहिला.

तेव्हा ‘वसाहत’ऐवजी ‘स्वशासित प्रदेश’ छापावे. डेन्मार्कच्याच राज्यातल्या फेरो बेटांनाही तोच शब्द चालेल. फक्त तिथले होमरूल १९४८ चे आहे आणि युरोपीय समुदायात ती बेटे कधी गेलीच नाहीत.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे