बाळाच्या मेंदूचा स्कॅन आणि सरासरीचा धोका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जन्मताना प्राणवायू कमी पडलेल्या बाळाच्या मेंदूतली इजा एमआरआयवरून संगणकाला शोधता येते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण अशी प्रणाली घेणाऱ्या रुग्णालयाने ‘अचूकता किती टक्के?’ एवढेच विचारून थांबू नये.

बोस्टनमध्ये अशा १३३ नवजातांच्या स्कॅनचा संच तयार झाला, तज्ज्ञांनी त्यात इजेच्या सीमा आखल्या आणि २०२३ मध्ये त्यावर संशोधकांची स्पर्धाही झाली. यातल्या निम्म्याहून अधिक बाळांची इजा मेंदूच्या एक टक्का भागापेक्षाही लहान होती. इथेच गुणांकन फसवते. इजा १००० व्हॉक्सेलची (व्हॉक्सेल म्हणजे स्कॅनमधला सर्वांत छोटा घन ठिपका) असेल, प्रणालीने तेवढेच रंगवले आणि त्यातले ५ चुकीच्या जागी पडले, तर डाइस गुण (प्रणालीने आणि तज्ज्ञांनी आखलेले भाग किती जुळतात, हे ० ते १ मध्ये सांगणारा आकडा) ०.९९५ येतो. इजा १० व्हॉक्सेलची असताना तेच ५ चुकले की ०.५. ती पूर्ण निसटली तर शून्य; पण मोठ्या इजांचे भरघोस गुण सरासरीत हा शून्य झाकून टाकतात. तो बारीक डाग इंटर्नल कॅप्सूलच्या, म्हणजे मेंदूतून हालचालीचे संदेश नेणाऱ्या तंतूंच्या पट्ट्याच्या, मागच्या भागात असेल, तर प्रश्न बाळाच्या हातापायांच्या हालचालींचा असतो.

दुसरी बाब स्कॅनच्या दिवसाची. इजा झालेल्या पेशी सुजतात, पाण्याची हालचाल मंदावते आणि एडीसी नकाशावर (पाण्याची ही हालचाल मोजून दाखवणाऱ्या एमआरआय प्रतिमेवर) तो भाग काळपट दिसतो. पहिल्या २४ तासांत इजा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकते. आठवड्याभराने आकडे पुन्हा नॉर्मलसारखे होतात, इजा मात्र तिथेच असते. बाळाला ७२ तास ३३.५ अंशांवर थंड ठेवण्याचा उपचार झाला असेल, तर हे वेळापत्रक आणखी लांबते. बाळाचे वय तासांत न विचारणाऱ्या प्रणालीवर विसंबणे धोक्याचे आहे.

काही प्रणाली प्रत्येक व्हॉक्सेलची तुलना निरोगी बाळांच्या सरासरीशी करतात आणि उणे २ च्या खालचे, म्हणजे सरासरीपेक्षा दोन प्रमाण विचलनांहून अधिक कमी असलेले, खूण करून दाखवतात. संख्याशास्त्राच्या नियमाने निरोगी बाळातही शंभरातले दोनेक व्हॉक्सेल तिथे पोचतातच. त्यात बाळ हलले की खोट्या खुणा वाढतात. म्हणून स्कॅनआधी दूध पाजणे, घट्ट गुंडाळणे आणि कान झाकणे ही साधी कामे नेटाने व्हायला हवीत.

थंडाव्याच्या याच उपचाराची भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर चाचणी झाली. २०२१ मध्ये निकाल आला, तेव्हा अपंगत्व किंवा मृत्यू कमी झाले नव्हते, उलट मृत्यू वाढले होते. परदेशात जमलेले इथे जमेलच असे नाही, हे आपण एकदा पाहिले आहे.

तेव्हा सरकारी रुग्णालयांच्या निविदांत एक अट असावी: प्रणाली त्याच रुग्णालयाच्या जुन्या स्कॅनवर, निरोगी बाळांसकट, तपासावी, आणि किती बाळांची इजा निसटली व किती निरोगी बाळांवर खूण झाली, हे स्कॅनचा दिवस आणि इजेचा आकार यांनुसार वेगवेगळे लेखी द्यावे.

आपला,
नवजात बालकांच्या एमआरआय तपासणीशी संबंधित एक वाचक