तुझ्या बॅजचा आकडा

ती. ताईस,
सप्रेम नमस्कार.

मागे फोनवर तू विचारलं होतंस, "एक्स-रे विभागात तीन महिने छातीवर लावलेल्या, किरणांचा डोस मोजणाऱ्या टीएलडी बॅजचा आकडा येतो, तो बरोबर कशावरून?" तेव्हा मी हसण्यावारी नेलं. आता इथे नेमकं तेच काम माझ्या गळ्यात पडलंय.

बॅज तपासायचा तर आधी अशी जागा हवी, जिथे गॅमा किरण किती पडतात ते पक्कं ठाऊक आहे. आमच्याकडे शिशाच्या जाड कवचात सीझियम-१३७ हा किरणोत्सारी स्रोत आहे. त्याच्या गॅमाची ऊर्जा ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. शिशाच्याच कोलिमेटरमधून, म्हणजे झोत आखून देणाऱ्या भोकातून, झोत बाहेर येतो, समोर रुळांवर ट्रॉली, तिच्यावर आयन चेंबर, म्हणजे किरण मोजणारं उपकरण. हा चेंबर वरच्या मानकाशी ताडून आणलेला, त्यामुळे त्याचा शब्द प्रमाण.

अंतर दुप्पट केलं की आकडा चौथाई व्हायला हवा. आमचा होईना! जितकं लांब जावं तितका हिशेबापेक्षा जास्तच. चार दिवस मी अंतरच पुन्हापुन्हा मोजत बसलो. शेवटी चेंबर झोताच्या जरा बाहेर सरकवला, तरी आकडा पुरता खाली येईना. पलीकडच्या टोकाला कुणीतरी लोखंडी कपाट ठेवलं होतं (कुणीतरी म्हणजे मीच), त्यावरून किरण उलटत होते. असे उलटलेले किरण २०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास उतरतात आणि बॅज त्यांना वेगळंच मोजू शकतो. म्हणून विखुरलेल्यांचा वाटा ५ टक्क्यांच्या आत ठेवायचा. कपाट हललं, आकडे जागेवर आले.

हवेचाही हिशेब असतो. उघड्या चेंबरमध्ये ३ अंश तापमान बदललं की साधारण १ टक्का फरक. शिवाय सीझियम दरवर्षी सुमारे २.३ टक्के घटतं, म्हणून प्रत्येक नोंदीवर तारीख.

बॅज मात्र नुसता हवेत टांगून चालत नाही, कारण अंगावरूनही किरण परततात. त्यासाठी ३० बाय ३० बाय १५ सेंटिमीटरचा पाण्याने भरलेला अ‍ॅक्रिलिकचा डबा असतो. तो डबा म्हणजे तू. फक्त बडबड करत नाही. तुमच्या एक्स-रेची ऊर्जा बरीच कमी, त्यासाठी झोत निराळे. ते पुढच्या पत्रात.

बॅज शिशाच्या अ‍ॅप्रनच्या आतच लावतेस ना? आणि घरी निघताना तो एक्स-रेच्या खोलीत खुंटीला ठेवू नकोस, नाहीतर खुंटीचा डोस तुझ्या नावावर चढेल.

तुझा,
धाकटा