बागेची वेळ उन्हाप्रमाणे ठरवावी : लहान मुलांसाठी विनंती

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती,
आपली गृहनिर्माण संस्था, घोडबंदर रोड, ठाणे (प.)

विषय : उन्हाळ्याच्या सुट्टीत लहान मुलांसाठी बागेची वेळ बदलणे व सावलीची सोय करणे

महोदय,
सप्रेम नमस्कार.

शाळांना सुट्टी लागली आहे आणि आपल्या तिन्ही विंगमधली तीन ते सात वर्षांची मुलं दिवसभर घरात आहेत. आई-बाबा कामावर, त्यामुळे ती आम्हा आजी-आजोबांकडे नाहीतर सांभाळणाऱ्या मावशींकडे. महिनाभर गावी जाणं आता फार थोड्यांना जमतं. उपवन, तलावपाळी एखाद्या रविवारी होते. रोज कोण नेणार? या वयाच्या मुलांसाठी बाहेर जाणं म्हणजे आपल्या बागेत जाणं.

ती बाग संध्याकाळी पाचला उघडते आणि सातला बंद होते. सध्या सूर्य मावळतोच सातच्या सुमारास. मुलांच्या वाट्याला नेमकं ऊन येतं आणि जरा वारा सुटला की वॉचमनची शिट्टी वाजते. परवा लोखंडी घसरगुंडीवर बसताच माझी नात किंचाळून उठली, मांड्या लालबुंद झाल्या होत्या. मी हात लावून पाहिला, मलाही तो टेकवेना. खालची रबरी मॅटही तशीच तापलेली. त्याच वेळी बदामाच्या झाडाखालची माती मात्र गार होती.

ए विंगची सावली दुपारी उशिरा बागेत सरकू लागते, पण खेळणी सगळी पूर्वेच्या कोपऱ्यात असल्याने तिथे ती सगळ्यांत शेवटी पोचते. मेच्या मध्यावर तर ठाण्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. त्या दिवसांत दुपारी खेळणी तापू नयेत म्हणून इमारतीचा आडोसा कामाचा नाही, त्यांच्या डोक्यावरच काहीतरी हवं. हवामान खातं मैदानी भागात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, किनारपट्टीवर मात्र ३७ पासूनच. इथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि लहान मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. खेळात रंगली की ती पाणीही मागत नाहीत.

म्हणून विनंती अशी, की जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत बाग सकाळी साडेसहा ते नऊ आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ उघडी ठेवावी. दुपारी ती बंदच असावी, तेव्हा वयस्कर मंडळी आडवी होतात आणि त्या उन्हात मुलांना सोडूही नये. सकाळी बाग उघडी नसल्याने काही मुलं पार्किंगमध्ये सायकली फिरवतात आणि ऑफिसच्या गाड्या निघतात त्याच वेळी. याची मला खरोखर भीती वाटते.

दुसरं, खेळण्यांवर हिरवं शेडनेट ताणून घ्यावं. वाऱ्यापावसात ते टिकणार नाही, तेव्हा जूनच्या पहिल्या आठवड्यात उतरवून ठेवावं म्हणजे पुढच्या वर्षीही वापरता येईल. पिण्याच्या पाण्याचा एक माठ गेटजवळ ठेवला तर बरं.

तिसरं, पावसाळ्यापूर्वीची झाडांची छाटणी. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घेऊनच ती होते हे मला ठाऊक आहे, पण गेल्या वर्षी कंत्राटदाराने वाळक्या फांद्यांबरोबर बदाम आणि गुलमोहर जवळपास बोडके केले होते. या वर्षी समितीतल्या कोणीतरी उभं राहून फक्त धोक्याच्या फांद्या काढून घ्याव्यात. याच झाडांखाली मुलं वाळलेले बदाम दगडाने फोडतात, गुलमोहराच्या केसरांची झुंज लावतात. तो खेळ विकत आणता येत नाही.

पाण्याचं म्हणाल तर टँकरचा खर्च आम्हीही भरतो. मुलांच्या खेळासाठी वेगळं पाणी नको. घरोघरच्या फिल्टरचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून आणू, त्यातून बदामाखालचा कोपरा ओला करू. ओल्या मातीत चूल मांडून भातुकली तासभर चालते. मगभर पाणी आणि रंगाचा जुना ब्रश दिला तर चार वर्षांचं मूल कंपाउंडची भिंत ‘रंगवत’ बसतं. एक टोक होईपर्यंत दुसरं वाळलेलं असतं, की पुन्हा सुरुवात. भिंतीला डाग नाही, कोणाला आवाजाचा त्रास नाही. जरा मोठ्यांसाठी डबा ऐसपैस आणि विषामृत आम्ही शिकवू.

सकाळच्या वेळेत वॉचमनवर भार नको. बी आणि सी विंगमधल्या आम्ही काही आज्यांनी आळीपाळीने बाकावर बसायचं कबूल केलं आहे. चावी घेताना आणि परत देताना केबिनमधल्या वहीत सही करू. नऊ वाजता मुलांना घरी पाठवणं, बादल्या उचलणं, माती झाडून घेणं आमच्याकडे.

येत्या बैठकीत हा विषय घ्यावा. सगळं एकदम जमत नसेल तर निदान सकाळची वेळ सोमवारपासून सुरू करावी, त्याला खर्च काहीच नाही.

कळावे,
आपली,
बी विंगमधील एक सभासद